शिस्तप्रिय जिल्ह्यातील त्रिविध क्रीडा

सरकारी कामकाजात ऋतू हा विषय कोणाच्याही टेबलाकडे सोपवलेला नसतो. म्हणूनच झाडे मे महिन्यात लावली जातात, घोंगड्या होळीनंतर वाटल्या जातात आणि पुरापासून बचावाची रंगीत तालीम नदीत चप्पल भिजेल एवढेही पाणी नसताना निर्विघ्न पार पडते. यात कोणाचीच चूक नसते. उन्हाळ्याने आपण केव्हा येणार ते योग्य मार्गाने, दोन प्रतींत कळवलेले नसते, एवढेच.

कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीबद्दलचे परिपत्रक मुंबईहून निघाले तेव्हा छान थंडी होती. बसून बसून कर्मचारी स्थूल होत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी प्रत्येक जिल्हा कचेरीने पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता, लघु त्रिविध क्रीडा स्पर्धा घ्यावी, असे त्यात म्हटले होते. परिपत्रक नाशिकला विसावले. तिथे त्याची संक्रांत झाली, होळी झाली, आणि धुळ्याला ते पोचले तेव्हा १९९२ सालचा मे महिना लागला होता. वर 'तत्काळ' असा शिक्का असल्यामुळे आता मात्र एक दिवसही दवडणे शक्य नव्हते. स्पर्धेला जोडलेला 'लघु' हा शब्द अंतराला होता, उन्हाला नव्हता.

ही कचेरी पाण्याच्या खात्याची होती. (तिचे पूर्ण नाव देत नाही. ते एका दमात म्हणता येत नाही आणि या गोष्टीत पुढे दमाचे बरेच काम आहे.) परिपत्रक साहेबांनी स्वतः वाचून दाखवले. त्यात स्पर्धेचे इंग्रजी नाव 'ट्रायथलॉन' असे होते. मागच्या रांगेपर्यंत त्यातले फक्त 'लोन' पोचले, त्यामुळे पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळ्या कचेरीने नावे दिली. कर्ज मिळणार नसून पोहायचे आहे, हा खुलासा झाल्यावर बहुतेकांना जुनी दुखणी आठवली. शेवटी तिघे उरले.

पहिल्या प्रमिलाबाई सोनवणे, टंकलेखिका. महिला स्पर्धक नसल्यास स्पर्धा ग्राह्य धरली जाणार नव्हती आणि कचेरीत महिला एकच होती, त्यामुळे त्यांची निवड अत्यंत चुरशीची ठरली. दुसरे रतिलाल, हिशेबनीस, अतिशय सावध गृहस्थ. त्यांनी एकाच डॉक्टरकडून एकाच दिवशी दोन दाखले आणून ठेवले होते. एकात ते ठणठणीत होते, दुसऱ्यात त्यांना श्रम वर्ज्य होते. वेळेला जो लागेल तो.

तिसरे लोटन देवचंद देसले, वरिष्ठ लिपिक, कचेरीचे लोटनभाऊ. वय सेहेचाळीस. पोट पदाला शोभेसे. ही गोष्ट त्यांची आहे.

लोटनभाऊंनी नाव दिले ते परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीमुळे: 'स्पर्धा पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा बदलीसाठी प्राधान्याने विचार व्हावा.' त्यांच्या पत्नी मंदाबाई बोदवडला प्राथमिक शिक्षिका. लोटनभाऊ धुळ्यातल्या देवपुरात एका खोलीत भाड्याने. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार शनिवारी रात्री सुरू होई आणि रविवारी दुपारी संपे. उरलेला रविवार एसटीत आणि पॅसेंजरमध्ये जाई. नवरा-बायकोला एका गावी ठेवावे असा सरकारचा उदार नियम होता आणि लोटनभाऊ दरवर्षी त्या नियमाखाली अर्ज करीत. दरवर्षी उत्तर येई की नियम योग्य आहे. अर्जाबद्दल काही येत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मंदाबाई धुळ्याला येत. या वर्षी आल्या तर नवरा पहाटे खोलीत दोरीवरून उड्या मारत होता. खालचे घरमालक दोनदा वर येऊन गेले.

"अहो, तुम्हाला पोहता तरी येतं का?" त्यांनी विचारले.

"लहानपणी यावलला मामाच्या विहिरीत होतो की."

"पोहत होता, की पडला होता?"

"पडलो होतो," लोटनभाऊ म्हणाले. "पण बाहेर आलो ना!"

सायकल त्यांना येत होती. धावण्याचा सराव तर दर शनिवारी होता, कचेरी सुटल्यावर जळगावची एसटी धरण्यासाठी. मंदाबाईंनी खिडकी उघडून दाखवली. "ऊन पाहिलं का बाहेरचं? कावळेसुद्धा नळाखाली बसलेत," त्या म्हणाल्या. "नको ती बदली. इतकी वर्षं गेली, आणखी जातील."

"म्हणजे मग थेट पेन्शनीतच भेटायचं आपण," लोटनभाऊ म्हणाले. स्पर्धेच्या दिवशी मंदाबाईंनी नवऱ्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा घातला, आणि आपणही छत्री घेऊन निघाल्या.

पोहण्यासाठी जागा निवडताना साहेबांना फारसा विचार करावा लागला नाही. शहराबाहेर खात्यानेच बांधलेला एक पाझर तलाव होता. (गावाचे नाव सांगत नाही. त्या गावाला पाणी नाही, निदान अब्रू असू द्यावी.) मे महिन्यात तलावात पाणी असते का, असे रतिलाल यांनी विचारून पाहिले. साहेबांनी त्यांना खात्याचे पाक्षिक विवरण दाखवले. त्यात तलाव निम्म्याहून जास्त भरलेला होता. स्पर्धा दुसरीकडे घेणे म्हणजे तलावात पाणी नाही असे खात्यानेच कबूल करणे, आणि विवरणावर सही खुद्द साहेबांची होती. तेव्हा पाणी होते.

प्रत्यक्षात तलावाच्या मध्यभागी गुडघाभर गाळ होता आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. स्पर्धेची वेळ सकाळी सहाची ठरली होती, आणि ती वेळ काटेकोर पाळून तिन्ही स्पर्धक सहाला काठावर हजर झाले. प्रमुख पाहुणे अकराला आले. मधला वेळ स्पर्धकांनी उन्हात सावधान स्थितीत काढला, हा सराव परिपत्रकात नव्हता, तो जिल्ह्याने आपल्याकडून जास्तीचा दिला. पाहुण्यांनी खेळामुळे माणूस माणसाच्या जवळ येतो या विषयावर भाषण केले आणि स्पर्धकांसाठी यावलहून आणलेल्या केळ्यांपैकी चांगली ती खाल्ली.

म्हशी उठवाव्यात, असे साहेबांनी म्हशीवाल्याला फर्मावले. तो वना नावाचा म्हातारा बाभळीच्या सावलीत बसला होता. तो बसूनच म्हणाला, "म्हशी बठेल शेतस, साहेब. त्यासले कोन उठाडी? तुमी उठाडा."

साहेबांनी थोडा विचार करून म्हशींना नैसर्गिक अडथळा म्हणून मान्यता दिली. शिट्टी झाली.

पोहणे चालतच झाले. मात्र निरीक्षकांनी 'हात हलवा' असे बजावल्यामुळे तिघेही गाळातून गुडघे ओढत, दोन्ही हातांनी हवेत पाणी कापत पुढे सरकत होते. प्रमिलाबाईंनी साडी खोचून घेतली होती आणि त्या भराभर पलीकडे गेल्या. रतिलाल एका म्हशीला वळसा घालताना दुसरीवर बसले. लोटनभाऊ मध्येच रुतले, पालथे पडले आणि कोपरांवर रांगत काठाला लागले. निरीक्षकांनी त्यांच्या नावापुढे 'शैली उत्तम' असे लिहिले, कारण त्या दिवशी पूर्ण आडवे झालेले तेच एकटे होते.

त्यानंतर सायकल. तलावापासून पांझरा नदीच्या पुलापर्यंतचा रस्ता खात्याने नव्हे तर दुसऱ्या खात्याने केलेला होता, त्यामुळे त्याच्या डांबराबद्दल इथे मोकळेपणाने बोलता येईल. डांबर पातळ झाले होते. चाके त्यात रुतत आणि चुर्रर्र आवाज करून सुटत. अंगावरचा चिखल पहिल्या वळणाला वाळला, दुसऱ्याला तडकला. समोरून येणारी झळ चुलीचे तोंड उघडावे तशी होती. रस्त्यावर माणूस नव्हते. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी माणूस रस्त्यावर दिसला तर एक तर तो परगावचा असतो किंवा सरकारी.

एका रसवंतीशी रतिलाल उतरले. खिशातून दुसरा दाखला काढून त्यांनी मागून येणाऱ्या निरीक्षकांच्या जीपला दाखवला आणि बर्फ घातलेला रस मागवला. "लोटनभाऊ," त्यांनी हाक मारली, "या, बसा. बोदवड कुठं पळून चाललंय?"

लोटनभाऊ थांबले नाहीत. रस पिळणाऱ्या चरकाचे घुंगरू बराच वेळ त्यांच्या कानात वाजत राहिले. पुढे प्रमिलाबाईंनी सायकल सावकाश केली आणि त्यांना येऊ दिले. त्या देवपुरातून रोज सायकलवरच कचेरीत येत, त्यांना हे नवे नव्हते. त्यांनी भाऊंच्या तोंडाकडे पाहिले.

"भाऊ, तुम्हाला घाम येत नाहीये."

"हो ना," लोटनभाऊ म्हणाले. "मघापासून बरं वाटतंय."

"बरं नाही हो ते! उतरा. माझ्या मोठ्या दिरांना असंच झालं होतं."

पण लोटनभाऊंना खरोखरच बरे वाटत होते. डोके हलके झाले होते, पाय दुसऱ्याच कोणाचे तरी होते आणि ते कोणीतरी चांगले चालवत होते. प्रमिलाबाईंनी जीपला हात करून सांगितले की, यांना थांबवा. जीपमधल्या निरीक्षकांनी कळवले की स्पर्धकाला थांबवण्याचा अधिकार स्पर्धकालाच आहे, आणि स्पर्धकांनी आपसात बोलू नये.

पुलावर सायकली ठेवून धावायचे होते. पूल ओलांडून देवपुरात, तिथल्या एका मैदानावर मांडव घातला होता. मांडवाच्या दारात लाल फीत ताणून धरलेली. पुलाखाली पांझरा कोरडी होती, तिच्या वाळूवर कोणी तरी सतरंज्या वाळत घातल्या होत्या. प्रमिलाबाई पुढे गेल्या. लोटनभाऊ धावत होते, म्हणजे चालत होते, म्हणजे दरवेळी पडायच्या आत पाय पुढे येत होता.

देवपुरात मात्र गर्दी होती. जीपवरच्या भोंग्याने लोकांना घराबाहेर काढले होते. आणि या गर्दीबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण स्पर्धेच्या अहवालातही ते लिहिले गेले. आपल्याकडे लोक नियम पाळत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. रांगेत घुसतात, चालत्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, 'येथे थुंकू नये' याच अक्षरांवर थुंकतात. त्या दिवशी भोंग्यावरून सांगण्यात येत होते, "नागरिकांना विनंती, स्पर्धकाला हात लावू नये, पाणी देऊ नये, सावली धरू नये. बाहेरची मदत मिळाल्यास स्पर्धक बाद होईल." आणि हा नियम देवपूरच्या नागरिकांनी शंभर टक्के पाळला.

मांडव समोर दिसू लागला, आणि लोटनभाऊ रस्त्यात बसले. मग आडवे झाले.

लगेच चहूबाजूंनी लोकांचे कडे झाले. हवा बंद झाली.

"हात नका लावा रे! बाद व्हई जाई!" एकजण ओरडला.

"उठ भाऊ, उठ! थोडंसंच ऱ्हायनं!"

भटू नावाच्या पानवाल्याने थंडगार पाण्याचा पेला भरून आणला होता. नियम लक्षात येताच तो जागीच थांबला आणि पेला लोटनभाऊंना नीट दिसेल असा धरून उभा राहिला, म्हणजे त्यांना हुरूप येईल. थोड्या वेळाने शेजारच्या माणसाने तो पिऊन टाकला, कारण ऊन फार होते. कोणी टाळ्यांचा ताल धरला. पोरांनी, बायांनी, सायकली धरून उभ्या असलेल्या बाप्यांनी तो उचलला. फीत धरणाऱ्या दोघांनी ती सहानुभूतीने थोडी खाली केली. एवढ्या सगळ्यांचा जीव एका माणसात गुंतलेला धुळ्याने क्वचितच पाहिला असेल. हाकेच्या अंतरावर बदली होती. हाताला धरून उठवण्याचेही काम नव्हते, त्यांनी फक्त स्वतःहून उठायचे होते.

लोटनभाऊंना मात्र ते पॅसेंजरमध्ये बसले आहेत असे वाटत होते. गाडी कुठेतरी आडरानात उभी होती आणि डब्यात फार गर्दी झाली होती. त्यांनी डोळे अर्धे उघडून वर वाकलेल्या तोंडांना विचारले, "बोदवड आलं का?"

"उनं, उनं," गर्दीतून कोणी तरी बोदवड आल्याची ग्वाही दिली. "उतर आते." लोक हसले. लोटनभाऊही हसल्यासारखे झाले. त्यांनी पिशवी घ्यावी तसा हात बाजूला नेला, तो डांबरावर टेकला आणि तिथेच राहिला. चटका बसला तरी त्यांनी तो उचलला नाही.

मांडवात 'स्पर्धकांचे कुटुंबीय' अशी चिठ्ठी लावलेली एकच खुर्ची होती, तीवर मंदाबाई बसल्या होत्या. टाळ्या ऐकून मागे वळून पाहिल्यावर प्रमिलाबाई उरलेले अंतर पळत, फीत तोडून आत आल्या, त्यांनी गळ्यात पडू पाहणारा हार बाजूला केला आणि धापा टाकत म्हणाल्या, "वहिनी, पळा. भाऊ पडले." मग त्या स्वतःच खाली बसल्या.

मंदाबाई उठल्या. मान्यवरांच्या टेबलाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा माठ होता. प्रमुख पाहुणे खुर्चीत डोळे मिटून खेळाचा विचार करीत होते. मंदाबाईंनी माठ उचलला, कडेवर घेतला आणि त्या निघाल्या.

"बाई, अहो बाई!" साहेब मागे आले. "ते मान्यवरांचं पाणी आहे! आणि तुम्ही दिलंत तर ते बाद होतील. इतकं आलेत, दोन मिनिटं थांबा. उठतील ते!"

मंदाबाई शाळेत शुद्ध बोलत, घरीही बहुधा शुद्धच बोलत. त्या वेळी त्यांच्या तोंडून बोदवड निघाले.

"काय पाहू राहिले रे सगळे? माणूस मरू राहिला न् टाळ्या वाजवू राहिले? सरका!" कडे फाटले. "बाद करा त्याले. दहादा बाद करा. मले जित्ता पाह्यजे तो!"

आणि त्यांनी माठ नवऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओतला. उरलेले ओंजळीने तोंडात घातले. फडके पिळून मानेखाली ठेवले.

गर्दीतून मोठा हळहळल्याचा आवाज आला. "गया बिचारा," भटू म्हणाला. "बाद व्हई गया."

साहेबांनी जड अंतःकरणाने शिट्टी वाजवली. बाद झाल्यामुळे लोटनभाऊ आता स्पर्धक उरले नाहीत, आणि स्पर्धक नसलेल्या माणसाला हात लावण्यास काहीच हरकत नव्हती. शंभर हात एकदम पुढे आले. त्यांना उचलून जीपमध्ये घालण्यावरून थोडी धक्काबुक्कीही झाली.

दवाखान्यात त्यांना सलाईन लावले. डॉक्टरांनी मंदाबाईंना बाजूला घेऊन सांगितले की आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आले नसते. मंदाबाईंनी मान हलवली. दुपारभर त्यांनी नवऱ्याच्या भाजलेल्या तळहाताला खोबरेल लावले. संध्याकाळी लोटनभाऊ शुद्धीवर येऊन म्हणाले, "थोडक्यात गेली गं बदली." तेव्हा मात्र त्या तोंडाला पदर लावून रडल्या.

लोटनभाऊ कामावर रुजू झाले तेव्हा टेबलावर खुलासा मागणारा कागद होता: आपल्या पत्नीने मान्यवरांचे पाणी विनापरवानगी आपणावर खर्च केले, याबाबत आपले म्हणणे काय? लोटनभाऊंनी लिहिले, 'म्हणण्यासारखे काही नाही, पाणी थंड होते.' पंधरवड्याच्या आत निकाल लागला. प्रथम क्रमांक प्रमिलाबाई. अशी गुणी खेळाडू जिल्ह्याबाहेर जाऊ नये म्हणून त्यांची बदली कायमची बंद करण्यात आली, आणि पुढच्या पातळीच्या स्पर्धेसाठी त्यांना नागपूरला पाठवायचे ठरले, तेही जून उजाडायच्या आत. "मी काय वाईट केलं होतं?" असे त्या आठवडाभर सगळ्यांना विचारत होत्या. रतिलाल यांना, संकटात डोके थंड ठेवल्याबद्दल, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचे संयोजक करण्यात आले. त्यांच्याकडे याला लागू होणारा तिसरा दाखला नव्हता.

लोटनभाऊंवर मात्र शिस्तभंगाची कारवाई झाली. 'शारीरिक क्षमता अपुरी आढळल्याने व कुटुंबीयांचे वर्तन बेशिस्त असल्याने यांना मुख्य कचेरीतून हलवून, जेथे काहीही काम नाही अशा ठिकाणी पाठवावे.' जिल्ह्यात तसे ठिकाण राहिले नव्हते, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात शोध घेतला गेला. जिथे खरोखरच काही काम नव्हते असे एकच उपकार्यालय मिळाले. ते बोदवडला होते.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी लोटनभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की शिक्षा मनाला लावून घेऊ नका. लोटनभाऊंनी शक्य तितके खाली पाहिले. बोदवडच्या स्टेशनात मंदाबाई उभ्या होत्या. गाडी सुटून जाईपर्यंत लोटनभाऊ फलाटावर खालीच पाहत उभे राहिले, आणि मग मंदाबाई म्हणाल्या, "आता वर करा तोंड. इथं नाहीत साहेब."

स्पर्धेचा अहवाल मुंबईला गेला. त्यात म्हटले आहे की स्पर्धा यशस्वी झाली. तलाव निम्म्याहून जास्त भरलेला होता. हवामान आल्हाददायक होते. आणि एका बेशिस्त महिलेचा अपवाद वगळता, प्रेक्षकांनी दाखवलेला संयम इतर जिल्ह्यांनी आदर्श मानावा असा होता.

हे वाचून आपल्याला हसू येणे स्वाभाविक आहे. देवपूरचे लोक आपणासारखे शिकलेले, पुस्तके वाचणारे नव्हते. तरीही जाता जाता एकच विचारतो, उत्तर मनातल्या मनात दिले तरी चालेल. लोटनभाऊ डांबरावर पडले होते, फीत समोर दिसत होती, टाळ्यांचा ताल चालू होता, तेव्हा आपल्या मनात काय होते? त्यांना कोणी पाणी द्यावे, हे? की त्यांनी कसेही करून उठावे, हे?

तेच. आपणही त्या कड्यातच उभे होतात. जरा सरका, वारा येऊ द्या.